कासाळे

आधी एक सांगतो : मला तिची लिपी वाचता येत नव्हती.
मी मडगावात बोर्ड रंगवायचो.
"दोतोर फुर्तादो, दात व हिरड्या",
"श्री शांतादुर्गा कोल्ड्रिंक हाऊस".
एर्मेलिंदा आईच्या मयताला लिस्बनहून आलेली,
दुकानासमोर थांबली, म्हणाली,
"तुमची वेलांटी कुठेच थरथरत नाही.
माझ्या टिकल्या उतरवून द्याल?"

टिकल्या म्हणजे सूर. शेपटीच्या, बिनशेपटीच्या,
पाच रेघांच्या कुंपणात शिरलेल्या.
पहिली पानं मी शून्य नंबरच्या ब्रशने केली.
मग तिने जर्मन निब पाठवली.

बावीस वर्षं पाकिटं येत राहिली.
कधी एकट्या ओबोचं पान, कधी एकट्या व्हायोलाचं.
सगळं मिळून कसं वाजतं
ते मला ठाऊक नव्हतं.
कोऱ्या पाठीवर ती दोन ओळी लिहायची :
दंतवैद्याच्या मुलांना पियानो शिकवते.
डबाबंद सार्डिनच्या जाहिरातीला अकरा सेकंद दिले,
त्यावर दुसरा अंक निघाला.
एकदा कात्रण आलं. समीक्षक म्हणत होता, "पूर्वेचा सुगंध."
खाली तिचं अक्षर :
"आमच्या आगशीचा? मग सुक्या बांगड्याचा."

आगशीच्या धक्क्यावर कुठ्ठाळीची फेरी भोंगा द्यायची
आणि इगर्जीच्या शाळेतला मेस्त
माडाची हीर उगारून विचारायचा, सूर कुठला?
ती अचूक सांगायची. तरी पोटरीवर वळ उठायचा,
कारण फेरी किंचित बेसूर होती
आणि हे तिने सांगितलं नव्हतं.

मला जड गेले ते विराम.
ती कोंपास म्हणायची, मी खण.
दुसऱ्या बसूनवाल्याने चौऱ्याऐंशी खण
नुसतं बसून राहायचं!
मी कळवलं, या माणसाला पगार कशाचा?
उत्तर आलं : "मोजण्याचा.
सदतीस ते त्रेचाळीस मला एकही काम आलं नाही.
मी मोजत होते."

मग संगणक आला. पाकिटं थांबली.
बोर्ड फ्लेक्सने खाल्ले.
निब देव्हाऱ्यातल्या डबीत, कुंकवाशेजारी.

साठी उलटल्यावर तिचा फोन :
"मिठागरावरचा ऑपेरा आणतेय. कोकणीत. मडगावात. दोन प्रयोग.
तुम्ही शिरोड्याचे ना? सुवारीला कासाळे वाजवता.
मला एक टोला हवाय.
दोनशे बारा खण गप्प, दोनशे तेराव्यावर.
मिठागराचा बांध फुटतो तिथे."

उभा राहिलो. व्याह्यांनी दिलेला कोट,
छातीशी कासाळे, तळवे ओले.
एकशे चाळीस. एकशे एक्केचाळीस.
ओबोने तोंड उघडलं आणि
हे पान माझं!
तेविसाव्या वर्षी बहिणीच्या लग्नाच्या आदल्या रात्री
कंदिलाशी बसून मी उतरवलेलं.
तिने जुनी ओळ नव्यात घातली होती, सांगितलं नव्हतं.
आणि तिच्याखालून व्हायोला आले,
वरून ती आगरकरीण गाऊ लागली.
तर हे असं वाजतं होय, सगळं मिळून.

बांध फुटला. पाणी आत आलं. बाई किंचाळली.
मग माझा टोला.

मागच्या खोलीत ती बीफ पॅटीस खात होती.
"बावीस वर्षांत तुमची एक टिकली चुकली नाही," म्हणाली.
मी बुटांकडे बघत राहिलो.
"उद्याही तिथेच मारा."
आणि ते पान पुढे सरकवलं :
"हे संगणकाला नको. तुम्ही उतरवा."

परवा लिस्बनला तिसरा प्रयोग झाला म्हणे.
तिथे कुणी परका माणूस दोनशे तेरा मोजतो
आणि माझी चूक अगदी वेळेवर वाजवतो.
त्याला पगार किती, ते विचारायचं राहिलं.